पिशवीचा पूर्ण हिशेब

कापडी पिशवी निसर्गास हितकारक व प्लास्टिकची अहितकारक, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे मनातही येत नाही. या पाठात आपण ते तपासून पाहू. त्यासाठी उपयोगी पडणाऱ्या पद्धतीस ‘जीवनचक्र मूल्यांकन’ म्हणतात.

१. पद्धतीचा अर्थ

वस्तूची पारख ती आपल्या हाती आल्यापासून न करता, तिचा कच्चा माल निर्माण होतो तेथपासून ती कचऱ्यात जाईपर्यंत करावी, हे या पद्धतीचे सार होय. १९६९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने पेयाच्या निरनिराळ्या पात्रांची अशी तुलना करविली. पुढे १९९७ साली ‘आयएसओ १४०४०’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यात चार पायऱ्या सांगितल्या आहेत : उद्देश व व्याप्ती ठरविणे, प्रत्येक टप्प्यावर काय खर्ची पडले व काय बाहेर टाकले गेले याची नोंद करणे, त्याचे परिणाम मोजणे, आणि निष्कर्षांचा अर्थ लावणे.

२. पिशव्यांची तुलना

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली बाजारातील पिशव्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. एका पिशवीशी दुसरी पिशवी न ताडता, महिन्याभराचा बाजार घरी नेण्याचे काम हे त्यांनी तुलनेचे माप धरले. तापमानवाढीच्या दृष्टीने, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करण्यास कागदी पिशवी ३ वेळा, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे आढळले. आठवड्यातून एकदा बाजार केला, तर ही अडीच वर्षे होतात!

असे का व्हावे? कारण कापसाला पाणी व खत लागते. कताई, विणाई व रंगाई यांना वीज लागते. सुती पिशवीचा बहुतेक भार ती दुकानात येण्यापूर्वीच पडलेला असतो.

३. हिशेबाची मर्यादा

तर मग प्लास्टिक निर्दोष ठरले काय? नाही. रस्त्यावर फेकलेल्या पिशव्यांचा उपद्रव या अभ्यासाने मोजलाच नव्हता. आपल्याकडे नाले तुंबतात, गाईगुरे पिशव्या गिळतात. ही हानी त्या आकड्यांत नाही. शिवाय ते आकडे तिकडील परिस्थितीचे आहेत. ते जसेच्या तसे आपल्याला लागू करता येणार नाहीत. म्हणून कोणताही निष्कर्ष वाचताना, काय मोजले याबरोबरच काय वगळले, हेही विचारावे.

४. आपला व्यवहार

आपल्या देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांना ३१ डिसेंबर २०२२ पासून मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु प्रत्येक संमेलनात नवी कापडी पिशवी घ्यावी व ती कपाटात ठेवून द्यावी, याने निसर्गाचे हित साधत नाही. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी खरी मोलाची. तिच्या कापडाने आपले एक आयुष्य आधीच सार्थकी लावलेले असते. सारांश, वस्तू कशाची आहे याइतकेच ती किती काळ वापरली जाते याला महत्त्व आहे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरी किती कापडी पिशव्या न वापरता पडून आहेत?
२. पुढील संमेलनात नव्या पिशव्या न वाटता काय करता येईल?