चढाईनंतरचे दोन दिवस

जीवधन किल्ल्याजवळचा खडा पारशी सुळका चढून गेलेला माणूस अप्पर कोपर स्टेशनचा जिना चढताना अर्ध्यात कठडा धरून उभा राहिला, की घरचे आधी हसतात. ‘वय झालं आता’ म्हणतात. ऑफिसातला मित्र ‘टेन्शन कमी घे’ म्हणतो, जिममधला ‘प्रोटीन वाढव’ म्हणतो, मेडिकलवाला काही न विचारता डायक्लोफेनॅकची पट्टी पुढे सरकवतो. यात सहा-आठ महिने जातात आणि मग तो दवाखान्यात येतो. काखेत जाडजूड फाइल, फाइलमध्ये सगळे रिपोर्ट नॉर्मल. ‘डॉक्टर, रिपोर्टमध्ये काही नाही, मग मला झालंय तरी काय?’

आपल्या डोंबिवली-कल्याण पट्ट्यात डोंगरवेड्यांची कमी नाही. शनिवारी कामावरून सुटायचं, सॅक पाठीवर टाकून रात्रीची कसारा लोकल पकडायची, उजाडता उजाडता कातळाला भिडायचं आणि सोमवारी सकाळी पुन्हा गर्दीत लोंबकळत मुंबई गाठायची. वर्षानुवर्षं हे सहज जमलेलं असतं, म्हणूनच एक दिवस जमेनासं झालं की माणूस गोंधळतो.

चाळिशीतला असा एक अनुभवी प्रस्तरारोहक डोळ्यांसमोर आणा. (माझ्याकडे आलेल्या दोन-तीन जणांच्या तक्रारी मी इथे एकत्र केल्या आहेत आणि तपशील बदलले आहेत, तेव्हा हा कोण याचा शोध घेऊ नका.) मान, खांदे, कंबर, मांड्या, तळपाय असं सगळं दुखतं, आज इथे जास्त तर उद्या तिथे. आठ तास झोपूनही रात्रभर जागल्यासारखं वाटतं. ईमेलमधली एकच ओळ तीनदा वाचावी लागते. आणि त्याला सगळ्यात जास्त घाबरवून गेलेली गोष्ट अशी, की हार्नेसला आठाची गाठ मारताना दोराचं टोक हातात धरून तो तसाच थांबला. पुढे काय करायचं ते क्षणभर आठवेना. हजारदा मारलेली गाठ!

‘कुठे दुखतं?’ असं विचारल्यावर रुग्णाचा हात काय करतो, ते मी आधी बघतो. चढाईच्या नेहमीच्या दुखापतींना पत्ता असतो. बोटातल्या स्नायुबंधाला आवळून धरणारी पट्टी दुखावली, कोपराच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध सुजला, खांद्यात काही फाटलं, तर माणूस नेमक्या जागी एक बोट ठेवतो. मानेतली नस दबली तर कळ हातात कुठवर जाते, ते रेघ ओढून दाखवतो. पण सबंध तळवा मानेपासून गुडघ्यापर्यंत फिरवून ‘हे सगळंच’ असं कोणी म्हणालं, तर मी जुन्या दुखापतीचा विचार बाजूला ठेवतो आणि खुर्ची जवळ ओढतो.

तपासण्या कराव्याच लागतात, पण पाचशे घटकांचं पॅकेज नको. हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी, साखर, टीएसएच, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, लघवीची तपासणी. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि हिमोग्लोबिन उत्तम असतानाही ती असू शकते. तळपायांना मुंग्या, जीभ लाल, चालताना तोल जाणं ही तिची लक्षणं. ‘मी तर उन्हात डोंगर चढतो, मला ड जीवनसत्त्व कशाला कमी पडेल?’ असंही विचारलं जातं. आठवड्यातले पाच-सहा दिवस ट्यूबलाइटखाली गेले तर एका रविवारचं ऊन किती पुरणार? मात्र साठ हजार युनिटांची पुडी किंवा गोळी बहुधा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज किंवा महिनोन्‌महिने मनाने घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्यातून तहान, मळमळ, बद्धकोष्ठता आणि पुन्हा थकवाच. ज्या तक्रारीवर औषध सुरू केलं, तीच औषधाने वाढते.

चढाई करणाऱ्यांनी रक्त देण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रविवारी कडा चढून सोमवारी सीपीके तपासलात तर ते वाढलेलं येणार, कारण राबलेल्या स्नायूंतून ते रक्तात उतरतंच. एसजीओटीचंही तसंच. ते यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. मग कोणी ‘लिव्हर बिघडलंय’ म्हणतं आणि दारूचा थेंबही न घेणाऱ्या माणसाची घरी उलटतपासणी सुरू होते. आठवडाभर चढाई आणि व्यायाम बंद ठेवून मगच या दोन चाचण्या करा. विश्रांतीनंतरही सीपीके बरंच वाढलेलं राहिलं तर तो खरा दुवा. मग थायरॉइड, कोलेस्टेरॉलसाठी चालू असलेली स्टॅटिनची गोळी किंवा स्नायूंचा एखादा आजार, यांचा माग काढावा लागतो.

सकाळ कशी जाते, हा माझा पुढचा प्रश्न. उठल्यावर कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लाकडासारखी असते, हालचाल केली की सुटते, बसून राहिलं की पुन्हा आखडते, पहाटे तीन-चारला दुखून जाग येते, कधी डावं ढुंगण दुखतं तर कधी उजवं, असं असेल आणि हे पंचेचाळिशीच्या आत सुरू झालं असेल, तर मणक्याचा दाहक संधिवात असण्याची शक्यता तपासायलाच हवी. एचएलए-बी२७ आणि माकडहाडाजवळच्या सांध्याचा एमआरआय करावा लागतो, कारण सुरुवातीची वर्षं साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. असे रुग्ण ‘सॅकच्या ओझ्याने पाठ धरली’ म्हणत वर्षं काढतात. परळच्या केईएममध्ये संधिवाताचा विभाग आहे, आणि कोपरहून निघालेली स्लो लोकल थेट परळला थांबते, तेव्हा अंतराची सबब नको. पावसाळ्यात चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा. त्याची सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळते.

आता ताटाकडे येऊ. कातळावर हलकं अंग फायद्याचं, म्हणून कमी खाण्याची खोड या खेळात जगभर आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर एकेक काम आवरतं घेतं. पाळी लांबते किंवा थांबते, पुरुषांची कामेच्छा उतरते, हाडं ठिसूळ होतात, दुखापती भरत नाहीत, थकवा हटत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. २०२३ मध्ये तर आंतरराष्ट्रीय क्लाइंबिंग महासंघाच्या वैद्यकीय समितीतल्या डॉक्टरांनी, खेळाडूंच्या उपासमारीकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही म्हणून राजीनामे दिले. आपल्याकडे यात उपासांची भर पडते. सोमवार, चतुर्थी आणि रविवारची चढाई एकाच आठवड्यात आली, तर निदान चढाईच्या आदल्या दिवशी तरी पोटभर भात-वरण खा. देव रागावणार नाही. पाळी तीन महिने चुकली असेल तर ‘व्यायामाने होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका.

झोपेचंही विचारतो. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे रुग्णाला ठाऊक नसतं. बायकोला किंवा तंबूतल्या जोडीदाराला असतं.

हे सगळं तपासूनही हाती काही लागलं नाही, तर दोन आजार उरतात. दोन्हींत नेहमीचे रिपोर्ट नॉर्मल असतात, दोन्हींत दुखतं, दोन्हींत थकवा आणि उतारा न देणारी झोप. म्हणून त्यांची सरमिसळ होते, आणि ही सरमिसळ महागात पडते. कारण एकात जो व्यायाम औषध आहे, तोच दुसऱ्यात रेटून केला तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

पहिला फायब्रोमायल्जिया. तीन महिन्यांहून जास्त काळ, अंगाच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली दुखणं. यात स्नायू किंवा सांधे झिजलेले नसतात. वेदना नोंदवणारी मेंदू-मज्जारज्जूची यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. दुखणं शंभर टक्के खरं असतं, ‘मनाचे खेळ’ म्हणून ते उडवून लावू नये. यात बेताने सुरू करून हळूहळू वाढवलेला व्यायाम खरोखर उपयोगी पडतो: चालणं, पोहणं, सोप्या भिंतीवरची चढाई. जोडीला झोप सुधारायला रात्री अमिट्रिप्टिलीनसारख्या गोळीची अगदी थोडी मात्रा. ही गोळी नैराश्यातही वापरतात. इंटरनेटवर ते वाचून बरेच जण ‘मला वेडबिड लागलंय का?’ म्हणत ती परस्पर बंद करतात. तसं करू नका. इथे ती वेदनेसाठी दिलेली असते.

दुसऱ्याचं लांबलचक नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली डॉक्टर-परिचारिकांमध्येच अशा आजाराची साथ पसरली आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं, तेव्हापासून वैद्यकात यावर वाद चालू आहे. बऱ्याचदा याची सुरुवात एखाद्या तापानंतर होते. कोविडनंतर असे रुग्ण पुष्कळ पाहायला मिळाले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानाचे निकष ठरवले, त्यांत अनिवार्य मानलेल्या लक्षणांपैकी एक: श्रमानंतर येणारी घसरण. ती लगेच येत नाही. श्रमानंतर बहुतेक बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येते, आणि दिवस-दिवस, कधी आठवडेही टिकते.

म्हणून माझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न चढाईच्या दिवसाचा नसतोच. ‘रविवारी चढलात ना? मग सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी काय झालं, ते सांगा.’ सोमवारी अंग आंबलं आणि बुधवारपर्यंत मोकळं झालं, तर ते साधं स्नायूंचं दुखणं. पण सोमवारी ठीक असलेला माणूस मंगळवारी ताप आल्यासारखा पडला, घसा दुखला, उजेड-आवाज नकोसा झाला, शब्द सुचेनात, आंघोळ करूनही आडवं व्हावं लागलं आणि हे दर चढाईनंतर होत असेल, तर ‘थोडा जोर लाव, स्टॅमिना येईल’ हा सल्ला घातक आहे. पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायला सांगत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सल्ला आपल्या मार्गदर्शिकेतून काढून टाकला.

अनुभवी माणसाची इथे जास्त पंचाईत होते. दमल्यावरही रेटायचं, बोटं सोलली तरी पुढची खोबण शोधायची, यावरच त्याची वीस वर्षं उभी असतात. त्यामुळे एखादा बरा दिवस मिळाला की तो पहिल्या तारखेलाच पगार उडवणाऱ्यासारखी सगळी ताकद खर्चून टाकतो आणि पुढचे चार दिवस कोरडे जातात. अमेरिकेची फुटबॉलपटू मिशेल एकर्स हिला १९९० च्या दशकात हाच आजार झाला. आजार अंगावर घेऊन ती १९९६ चं ऑलिंपिक सुवर्ण आणि १९९९ चा विश्वचषक खेळली, पण ताकद मोजून-मापून वापरत. तिचं उदाहरण मी कचरतच देतो. बहुतेकांना तेवढं जमत नाही, आणि न जमणं हा त्यांचा दोष नाही.

घरी करण्यासारखं एवढंच: दोन-तीन आठवडे वहीत रोज तीन ओळी लिहा. काल काय केलं, आज कसं वाटतंय, झोप कशी झाली. किती श्रमांनंतर घसरण येते, ते हळूहळू उमगतं. मग त्या मर्यादेच्या बरंच आत राहायचं, बऱ्या दिवशीसुद्धा. उभं राहिल्यावर गरगरत असेल, तर दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग दहा मिनिटं आधार न घेता उभं राहून दर दोन मिनिटांनी मोजा. घरातलं कोणीतरी शेजारी असू द्या. नाडी तीसहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. अशा वाढणाऱ्या नाडीवर उपचार आहेत.

वेदनाशामक गोळी घेऊन चढायला जाऊ नका. उन्हात पाणी कमी पडलेलं असताना डायक्लोफेनॅकसारखी औषधं मूत्रपिंडाला इजा करतात. ‘जडीबुटीच्या’ बिनलेबलच्या पुड्यांपासूनही लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. चार दिवस तरतरी येते, चेहरा गोल होतो, आणि पुडी अचानक थांबवली तर थकव्याने माणूस कोलमडतो.

संध्याकाळचा ताप, प्रयत्न न करता घटणारं वजन, रात्री झोपू न देणारी पाठदुखी (आपल्याकडे मणक्याचा क्षय विसरून चालत नाही), हातापायांतली ताकद जाणं, यांपैकी काहीही असलं तर वहीबिही बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. श्रमानंतर लघवी काळपट झाली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटून बैठकीची जागा बधिर झाली, तर तासाभरात रुग्णालय गाठा.

पुन्हा चढता येईल का, हे प्रत्येकजण विचारतो. बी-१२, थायरॉइड, कमी खाणं यांत बहुतेक वेळा येतं. दाहक संधिवात औषधांनी आवरला तर त्यातले पुष्कळ जण चढतात. फायब्रोमायल्जियात सोप्या चढाया बऱ्याच जणांना जमतात. क्रॉनिक फटीगमध्ये मी तारीख देत नाही, आणि कोणी देत असेल तर सावध राहा. तोवर मोहिमेच्या नेत्याला आजाराची कल्पना द्या, आणि डोक्यात धुकं असेल त्या दिवशी दुसऱ्याला बिले देऊ नका, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला उभे राहू नका.