गाडी खाली घेतली, आणि थरथर सुरू झाली

प्रश्न : माझी 1990ची फोर्ड मस्टँग आहे. आखूड स्प्रिंगा बसवल्यापासून ताशी शंभरच्या आसपास गाडीचा तळ थरथरतो. प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करून आणला, फरक नाही. काय करू?

उत्तर : शाफ्टला दोष देऊ नका, कोन मोजा. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट वाकून फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. पुढच्या क्रॉसने घातलेला हा हेलकावा मागच्याने पुसायचा असतो. त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत. तुमच्या गाडीचा मागचा धुरा चार आर्मवर टांगलेला आहे. गाडी खाली बसली की धुरा थोडा फिरतो आणि हे गणित मोडतं.

मोजताना चाकांवर पूर्ण वजन हवंच. धुरा लोंबकळत ठेवून घेतलेलं माप निरुपयोगी, आणि ही चूक फार जण करतात. डिजिटल अँगल गेजने गिअरबॉक्स, शाफ्ट आणि धुऱ्यातला पिनियन या तिन्हींचा उतार लिहून घ्या. प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत ठेवा, पण शून्य नको. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरल्या नाहीत तर ते एकाच जागी झिजतं.

अॅक्सिलरेटर दाबल्यावर पिनियनचं तोंड वर उचललं जातं. म्हणून आर्मना रबरी बुश असतील तर उभ्या गाडीत ते गिअरबॉक्सला समांतर रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवा. त्यासाठी लांबी बदलता येणारे वरचे आर्म घ्या. ते आखूड केले की तोंड खाली जातं. दोन्ही बाजू अगदी सारख्या फिरवा, अर्धा आटा एका वेळी, आणि दर वेळी गाडी चालवून पाहा.