मौल्यवान वस्तूंची ऑनलाइन विक्री : विक्रेत्याने घ्यावयाची दक्षता

फसविला जातो तो ग्राहक, ही आपली रूढ समजूत. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा हे दोन्ही याच जाणिवेतून जन्मले. परंतु घरातील वस्तू ऑनलाइन विकावयास निघालेल्या सामान्य नागरिकाच्या बाबतीत पारडे नेमके उलटे फिरते. येथे वस्तू विकणारा भोळा असतो आणि घेणारा लबाड. अशा विक्रेत्यास खरेदीदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

मुंबई उपनगर जिल्ह्यात असे व्यवहार मोठ्या संख्येने होणे स्वाभाविकच आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील घरे लहान. नवे काही आणावयाचे तर जुने आधी बाहेर काढावे लागते. मग कॅमेरा, लॅपटॉप, क्वचित सोन्याचे नाणेही मोबाईलवरील जाहिरातीत झळकते.

समजा, घाटकोपरच्या एका गृहिणीने कॅमेऱ्याची जाहिरात दिली. थोड्याच वेळात दूरध्वनी येतो. बोलणारा आपण केंद्रीय सुरक्षा दलात असून अंधेरीच्या विमानतळावर नेमणुकीस आहोत, असे सांगतो. ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. किमतीबाबत तो घासाघीस करीत नाही. (वस्तू न पाहता सांगितलेली किंमत मान्य करणारा मुंबईकर प्रत्यक्षात कोणी पाहिला आहे काय?) ड्यूटीमुळे स्वतः येता येत नाही, माणूस वस्तू नेईल, पैसे आताच पाठवितो, असे म्हणून तो एक क्यूआर कोड धाडतो आणि तो स्कॅन करून पिन टाकावयास सांगतो. बाईंनी तसे केले की पैसे जमा होण्याऐवजी खात्यातून वजा होतात. ‘चूक झाली, परत करतो’ असे म्हणून तो दुसरा कोड पाठवितो आणि दुसरी रक्कमही जाते.

या साऱ्या कारस्थानाचा आधार एकच : यूपीआय पद्धतीविषयीचे आपले अज्ञान. २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सुरू केलेल्या या पद्धतीत पिन ही पैसे देण्याची संमती होय. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची ‘मागणी’ पाठविण्याची सोय याच गैरवापरामुळे ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआर कोडची युक्ती मात्र त्याने संपली नाही.

दुसरा प्रकार याहून साधा. पैसे जमा झाल्याचा बनावट लघुसंदेश किंवा पडद्याचे छायाचित्र दाखवून वस्तू नेली जाते. यावर उपाय म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये स्वतः शिल्लक पाहणे, आणि ती पाहीपर्यंत वस्तू हातची न सोडणे. धनादेश दिला असेल तर तो वटेपर्यंत थांबावे.

सोन्याच्या बाबतीत अधिक जपावे. हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो टिपून ठेवावा, वस्तूचे वजन व छायाचित्र जवळ ठेवावे. म्हणजे ‘तुमचे नाणे खोटे निघाले’ म्हणून बदललेली वस्तू परत आणणाऱ्यास उत्तर देता येते. व्यवहार दिवसा, ओळखीच्या सराफाच्या पेढीत किंवा बँकेच्या शाखेत करावा, घरी नव्हे. एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे, हेही विसरू नये.

खरेदीदाराच्या नावाने नव्हे, तर भलत्याच व्यक्तीच्या खात्यातून रक्कम आली, तर ती स्वीकारू नये. ते पैसे दुसऱ्या कोणाला फसवून मिळविलेले असू शकतात. पुढे तपासात विक्रेत्याचेच खाते गोठविले जाते, आणि वस्तूही गेलेली असते.

फसवणूक झालीच, तर पहिले काही तास मोलाचे. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित कळविल्यास रक्कम पुढील खात्यांत थोपवून धरता येते. त्याच वेळी बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेला तोटा बँकेस कळवेपर्यंत त्याचाच असतो; कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेकडे जाते. पिन आपणच टाकलेला असताना या नियमाचा पूर्वार्ध आपल्यालाच लागू होतो.

वस्तूचे काय? योगायोगाने मालविक्रीचा कायदाही १९३० चाच आहे. त्याच्या कलम २९ प्रमाणे, फसवून मिळविलेला माल मूळ करार रद्द होण्यापूर्वी एखाद्या तिऱ्हाइताने प्रामाणिकपणे विकत घेतला, तर त्याची मालकी वैध ठरू शकते. म्हणून करार रद्द केल्याचे खरेदीदारास लेखी कळविणे व तक्रार नोंदविणे यांत दिवस घालवू नयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तोतयेगिरी हे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर जवळच्या ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. जाताना संभाषणाच्या प्रती, व्यवहार क्रमांक, आणि माणूस घरी येऊन गेला असल्यास सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीतील त्याच्या नोंदीचे छायाचित्र सोबत न्यावे.