लष्करी अळी, आरएनएचा फवारा व धनभारित पॉलिमर

मक्याच्या पोंग्यात राहून पीक फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम आढळली. तिच्यावर नवे औषध कोणते, असा प्रश्न शिवारफेरीत हटकून निघतो. त्यात आता आरएनएच्या फवाऱ्याचेही नाव ऐकू येते. त्यामागील तत्त्व व त्यातील अडचण गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे इष्ट होय.

किडीच्या एखाद्या आवश्यक जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए कृत्रिमरीत्या तयार करून पानांवर फवारतात. पानाबरोबर तो किडीच्या पेशीत पोहोचला, की पेशी त्या जनुकाचा संदेश स्वतःच तोडून टाकते व कीड मरते. ही क्रिया फायर व मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ साली सूत्रकृमीत दाखवून दिली. त्याबद्दल त्यांस २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंग्यासाठी ‘लेडप्रोना’ हे अशा प्रकारचे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये नोंदले गेले. मग लष्करी अळीवरच हे तंत्र का अडते?

त्याचे कारण अळीच्या पोटात आहे. भुंग्याचे आतडे किंचित आम्लधर्मी असते. पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्याचा सामू मात्र नऊच्या वर असतो. चोपण जमिनीचा सामू ज्यांनी मोजला आहे, त्यांस ही तीव्रता कळेल. तेथील पाचक विकरे आरएनएचे लवकर तुकडे करतात. जो थोडा पेशीत शिरतो, तोही पेशीतील सूक्ष्म पिशवीत अडकून राहतो.

आरएनएच्या साखळीवर फॉस्फेटामुळे ऋणभार असतो. पेशीच्या आवरणाचा बाह्य पृष्ठभागही ऋणभारित असतो. त्यामुळे ती दोन्ही एकमेकांस दूर लोटतात. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे ऋणभारित कण अमोनियम धरून ठेवतात, नायट्रेट मात्र पाण्याबरोबर निघून जाते, हे आपण जाणतोच. येथेही तोच न्याय लागू पडतो. धनभारित पॉलिमर मिसळले, की आरएनए त्यास बिलगून त्याची घट्ट गोळी बनते. विकरांना ती सहज तोडता येत नाही. गोळीवर धनभार शिल्लक असल्याने ती पेशीच्या आवरणास चिकटते आणि पेशी तिला आत ओढून घेते.

कोळंबीच्या कवचांपासून मिळणारे कायटोसॅन हे असेच एक पॉलिमर होय. २०१० साली त्याच्या साहाय्याने डासांच्या अळ्यांना आरएनए चारून त्यांची जनुके दाबण्यात यश आले. परंतु सामू साडेसहाच्या वर गेला, की कायटोसॅनचा भार झपाट्याने घटतो. लष्करी अळीच्या आतड्यात त्याचा फारसा उपयोग नाही. ग्वानिडीन गट जोडलेल्या पॉलिमरांचा भार तेथेही टिकतो. लष्करी अळीच्याच प्रजातीतील स्पोडोप्टेरा एक्झिग्वा या अळीवरील प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या आरएनएने १६ टक्के, तर अशा पॉलिमरसह ५३ टक्के अळ्या मेल्या. प्रगती खरी, पण निम्म्या अळ्या जिवंत राहिल्या तर पोंगा वाचत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बरे, भार वाढवीत जावे, तर पेशींची आवरणेच फाटू लागतात. शिवाय धनभारित पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटून त्यांस अपाय करू शकतात. मासे सोडलेल्या शेततळ्याच्या काठी हा विचार आधी करावा लागेल.

आरएनएच्या नावाने कोणी बाटली विकावयास आणल्यास लेबलावर नोंदणी क्रमांक आणि मका व लष्करी अळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे काय, हे पाहावे. यांपैकी एकही गोष्ट नसल्यास ती घेऊ नये. कामगंध सापळे लावणे व पानांवरील अंडीपुंज वेचून नष्ट करणे ही कामे पीक उगवताच सुरू करावीत.