बढतीनंतरची पोकळी

प्रश्न : बढती मिळाली, फ्लॅट झाला, तरी मन रितंच. ख्रिस्ती श्रद्धेतली आशा वेगळी कशी?

उत्तर : पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहावं. आई-वडील दुष्काळात गेलेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली. चारच वर्षांत पतीही गेले. पदवीचा आधार तिथे पुरला नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्यातले पाठीराखे दुरावले, तरी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनी आणल्याच. केडगावच्या त्यांच्या आश्रमातल्या छापखान्यात तिथल्या बायका स्वतः खिळे जुळवत.

१९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम मात्र रमाबाईंनी मृत्यूपूर्वी पुरं केलं. त्यांची आशा पुनरुत्थित ख्रिस्तावर होती, परिस्थितीवर नव्हे. वाचकाने योहानाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी.