सुस्सीताचा काशाचा मुखवटा

किनेरेतच्या पूर्वेला डोंगरमाथ्यावर सुस्सीता या जुन्या शहराचे अवशेष आहेत. हिब्रूत 'सूस' म्हणजे घोडा, हे मुलांना ठाऊक आहे. ग्रीक लोक या शहराला हिप्पोस म्हणत. त्याचा अर्थही घोडाच.

२०१४ साली हैफा विद्यापीठाचे डॉ. मायकल आयझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी तेथे खोदत होते. शहराबाहेरच्या एका जाड भिंतींच्या इमारतीत धातू शोधण्याचे यंत्र वाजले. निघाला तो काशाचा मुखवटा, माणसाच्या चेहऱ्याहून मोठा! साफ केल्यावर लहान शिंगे, टोकदार कान आणि बोकडाची दाढी दिसली. हा पान, ग्रीक-रोमन लोकांचा गुराख्यांचा देव. बनियास हे नाव त्याच्यावरूनच पडले. मूळ नाव पानियास. अरबीत 'प' नाही, म्हणून 'ब' झाला.

मुखवटा कशासाठी केला असेल? नाटकातले नट मुखवटे घालीत, पण ते हलके, कापडाचे किंवा लाकडाचे असत. हा तोंडाला बांधून कोण नाचणार? मराठीत मात्र दोन्हींना शब्द एकच : बोहाड्यात घालून नाचतात तोही मुखवटा, आणि गौरीचा पितळी, जो कोणी घालीत नाही, तोही मुखवटाच.

कोणी म्हणतात, तो थडग्याला अर्पण केला असावा. पुढच्या वर्षी जवळच रोमन काळातले भव्य प्रवेशद्वार सापडले, तेव्हा येथे पानचे पूजास्थान असावे या तर्काला जोर आला. आणखी एक तर्क कारंज्याचा आहे. मुखवटा भिंतीत बसवायचा आणि तोंडातून पाणी सोडायचे, आपल्याकडच्या कुंडावरील गोमुखासारखे.

अशी तोंडे आपल्या पूर्वजांच्या रोजच्या वाटेवर होती. तल्मूदच्या अवोदा झारा या भागात शहरांतील पाणी सोडणाऱ्या 'पर्त्सुफोत'चा, म्हणजे चेहऱ्यांचा, उल्लेख आहे. त्यांना तोंड लावून पाणी पिऊ नये; पाहणाऱ्याला वाटेल, हा मूर्तीचे चुंबन घेतो आहे. मनाई तोंड लावण्याला आहे, तहान भागविण्याला नव्हे. तेथेच साध्या नळालाही तोंड लावू नये असे सांगितले आहे, पण त्याचे कारण वेगळे : पोटात जळू जाईल!

'पर्त्सुफ' हा शब्द ग्रीक 'प्रोसोपोन'वरून आला. ग्रीकमध्ये त्याचे अर्थ दोन, चेहरा आणि मुखवटा.

प्रश्न
१. हा मुखवटा नटाचा नसावा, असे का वाटते?
२. 'मुख' या शब्दापासून झालेले चार मराठी शब्द लिहा.
३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांनी गोमुख कोठे पाहिले? तेथे पाणी कसे पीत?