अंगावरचा माठ : बर्फात धावणाऱ्याचा पोशाख



माठातले पाणी गार का होते, हा प्रश्न आम्ही दरवर्षी वर्गात विचारतो. "बाष्पीभवनाने!" असे उत्तर येते, आम्ही गुण देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या एका शब्दाचे मोल किती, हे मात्र आम्हां शिक्षकांना एका माजी विद्यार्थ्याच्या पत्राने शिकवले.

हा मुलगा शाळेच्या धावण्याच्या संघात होता. पुढील शिक्षणासाठी तो कॅनडात गेला. पहिल्याच हिवाळ्यात, बाहेर उणे १२ अंश असताना, सकाळी धावायला निघाला. अंगात सुती बनियन, वर सुती टी-शर्ट आणि त्यावर जाड सुती स्वेटशर्ट होता. थंडी वाजत नव्हती, उलट घामच आला. घरापासून दोन किलोमीटरवर रस्त्यावरच्या पारदर्शक बर्फावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. लंगडत परत यायला पाऊण तास लागला. दारात पोचला तेव्हा दात वाजत होते, हात थरथरत होते, किल्ली कुलपात जाईना आणि दोन बोटांची टोके पांढरी पडली होती. उपचाराने बोटे वाचली, पण बधिरपणा जायला कित्येक आठवडे लागले. पत्रात तक्रार नव्हती. त्याने एवढेच विचारले होते, की बाष्पीभवन शिकवताना माठासोबत बनियनचेही उदाहरण का देत नाही?

आजचा पाठ त्याच्या प्रश्नासाठी आहे. आपल्या शाळेतली किती तरी मुले पुढे बर्फाळ देशांत शिकायला जातात. काही लष्करात जातात, काही हिमालयात गिर्यारोहणाला जातात. त्या सर्वांना तो उपयोगी पडावा.

धावणारे शरीर ही एक भट्टी

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे शरीर साधारण ८० ते १०० वॅट उष्णता देते, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. चांगल्या वेगाने धावताना हीच उष्णता आठ-दहा पट होते. म्हणून बर्फातही धावणाऱ्याला घाम येतो. अडचण सुरू होते ती थांबल्यावर. भट्टी मंदावते, पण कपडे ओलेच राहतात.

आता थोडे गणित करू. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. बनियनमध्ये अर्धी वाटी, म्हणजे १०० ग्रॅम घाम मुरला असेल, तर तो वाळायला २,४०,००० जूल लागतील. स्वस्थ बसलेले शरीर पाऊण तासात जेवढी उष्णता तयार करते, जवळजवळ तेवढी ही रक्कम आहे आणि तिचा बराच भाग अंगातूनच वसूल होतो. शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. घामाने भिजलेली सुती बनियन म्हणजे अंगावर बांधलेला माठच!

यात कापसाचा दोष नाही. रजईतला पिंजलेला कापूस आपल्याला ऊब देतो, कारण तो कोरडा असतो आणि तंतूंमध्ये हवा धरून ठेवतो. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. कापूस भिजला की हवेची जागा पाणी घेते आणि ऊब संपते.

तीन थर, तीन कामे

बर्फातला पोशाख थरांचा असतो आणि प्रत्येक थराला स्वतंत्र काम असते.

पहिला थर अंगालगत. त्याने घाम स्वतःत न मुरवता बाहेरच्या बाजूला न्यायचा. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून पातळ पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचा, अंगासरशी बसणारा सदरा चांगला. लोकरीचा गुण असा, की ती स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ओली लागत नाही.

दुसरा थर उबेचा. लोकरी स्वेटर किंवा फ्लीस नावाचे लवदार कापड यासाठी वापरतात. धावताना तो फार जाड नको. थंडी बेताची असेल तर हा थर गाळलाही जातो.

तिसरा थर वाऱ्याला अडवणारा. पातळ, घट्ट विणीचे जाकीट पुरते. मात्र घामाची वाफ बाहेर पडायला गळ्याशी चेन आणि काखेत झडपा हव्यात. प्लॅस्टिकचा रेनकोट घातला तर वाफ आतच अडकते आणि माणूस आतून भिजतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा तयार केला. त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. असा पडदा आज पुष्कळ जाकिटांत आणि बुटांत असतो.

थरांची युक्ती मात्र नवी नाही. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरी यांच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे थर होते आणि वर गॅबर्डीनचे कापड होते.

किती कपडे घालावेत, याचा धावणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. बाहेर आहे त्याहून पाच ते दहा अंश जास्त तापमान आहे असे समजून कपडे घालावेत. पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊबदार वाटले, तर वाटेत घाम नक्की.

वारा आणि दिशा

अंगाभोवती उबदार हवेची पातळ साय असते. वारा ती उडवून नेतो. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार, उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला उणे २० सारखी थंडी लागते. वारा नसला तरी ताशी १० किलोमीटरने धावणारा स्वतःच तेवढा वारा तोंडावर घेत असतो.

म्हणून जाताना वाऱ्याच्या समोर धावावे आणि येताना वारा पाठीवर घ्यावा. उलट केले, तर घाम आल्यावर गार वारा छातीवर येतो. या युक्तीला एक पैसाही लागत नाही.

डोके, हात आणि डोळे

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. डोक्याचा वाटा त्याच्या क्षेत्रफळाएवढा, साधारण दहावा हिस्सा असतो. तरीही कानटोपी हवीच, कारण कान पातळ असतात आणि लवकर गोठतात.

हातमोजे घेताना बोटे वेगळी असलेल्या मोज्यांपेक्षा, चारही बोटे एकत्र राहतील अशी पिशवीसारखी मोजी जास्त ऊब देतात. बोटे एकमेकांना तापवतात आणि बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो.

ताजा बर्फ सूर्याचे सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकतो. डोळ्यांच्या बाहुलीवरचा पडदा त्याने भाजतो आणि माणसाला काही काळ दिसेनासे होते. म्हणून कडक थंडीतही गडद चष्मा लागतो.

बूट : भुसभुशीत बर्फ वेगळा, काचेसारखा बर्फ वेगळा

येथे बऱ्याच जणांची फसगत होते. भुसभुशीत बर्फात खोल खाचांचे रबरी तळवे रुतून पकड घेतात. काचेसारख्या कडक बर्फावर त्याच खाचा निरुपयोगी ठरतात, कारण रबर त्यात रुतत नाही, शिवाय थंडीत ते कडक होते. तेथे तळव्याला टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे असलेले बूट, किंवा नेहमीच्या बुटावर ताणून चढवायची रबरी पट्टीची खिळेजाळी लागते. मात्र ती घालून फरशीवर किंवा कोरड्या डांबरावर चालू नये. तेथे खिळेही घसरतात.

शून्य अंशाजवळचा ओलसर बर्फ सर्वांत दगाबाज असतो, कारण त्यावर पाण्याचा थर असतो. पावले आखूड टाकावीत, पाय शरीराच्या खालीच पडावा. लोकरी मोजा एकच, पण चांगला असावा. दोन-तीन मोजे कोंबले तर बूट आवळतो, रक्त पुढे जात नाही आणि बोटे अधिकच गार पडतात.

लडाखमधले उदाहरण

२० फेब्रुवारी २०२३ रोजी लडाखमधील गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किलोमीटरची शर्यत झाली. उंची १३,८६२ फूट. लुकुंगपासून मान गावापर्यंत ७५ धावपटू धावले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. बदलत्या हवामानाकडे लक्ष वेधणे हाही तिचा एक हेतू होता. येथे काचेसारखा बर्फ, वारा, तळपते ऊन आणि विरळ हवा अशा चारही गोष्टी एकत्र येतात. वर सांगितलेली प्रत्येक वस्तू तेथे गरजेची ठरते.

याच चांगथांग भागातल्या शेळ्यांच्या अंगावर पश्मिना लोकर येते. तिचा तंतू मिलिमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाएवढा बारीक असतो. बारीक तंतूंच्या दाट जाळ्यात स्थिर हवा भरपूर अडकते. आपण थरांनी साधतो ते शेळीला निसर्गाने दिले आहे.

धोक्याच्या खुणा

बोटे, नाक किंवा कान पांढरे, बधिर आणि कडक झाले, तर तो हिमदंश समजावा. तेथे चोळू नये, बर्फ लावू नये, शेकोटीवर धरू नये. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तर कोमट, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, की जीवाला धोका असतो. जोराचा कापरा, अडखळती जीभ, हातातून वस्तू पडणे ही लक्षणे. आमच्या विद्यार्थ्याच्या किल्लीची गोष्ट आठवा. ओले कपडे आधी काढावेत, कोरडे पांघरूण द्यावे, शुद्ध असेल तर गरम गोड चहा द्यावा. दारू मुळीच नको. तिने कातडीकडचे रक्त वाढते आणि आतली ऊब बाहेर जाते.

बर्फात एकट्याने लांब जाऊ नये. फोन अंगालगतच्या खिशात ठेवावा, गारठ्यात बॅटरी पटकन उतरते.

आपल्या ग्वाल्हेरसाठी

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जानेवारीतल्या धुक्यात मुले क्रीडादिनाच्या सरावाला येतात तेव्हा नियम तोच असतो. महागडी खरेदी कोणी करू नये, त्याची गरज नाही. पालकांना विनंती, की सरावाच्या दिवशी दप्तरात एक कोरडी बनियन द्यावी आणि धावणे संपताच मुलाने ती बदलावी. विश्वस्त मंडळाला विनंती, की गणवेशात नसली तरी कानटोपीला सरावात परवानगी मिळावी आणि मुलांना कपडे बदलण्यासाठी एक खोली उघडी ठेवावी. आम्ही शिक्षकही आजवर भिजल्या मुलांना तसेच प्रार्थनेला उभे करत आलो. ती चूक आमची होती, यापुढे होणार नाही.

करून पाहा

१. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. एकीला कोरडा सुती मोजा, दुसरीला ओला सुती मोजा, तिसरीला ओला लोकरी मोजा चढवा. पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी, अर्धा तास तापमान मोजा आणि आलेख काढा.

२. सारख्या वजनाचे सुती आणि पॉलिएस्टरचे कापड भिजवा, घट्ट पिळा आणि पुन्हा वजन करा. कोणी किती पाणी धरले?

३. जुन्या चपलेचा रबरी तुकडा फ्रीझरमधून नुकत्याच काढलेल्या बर्फावर आणि वितळू लागलेल्या बर्फावर ओढून पाहा. कोठे जास्त घसरतो? का?

उत्तरे वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणा. निवडक आलेख आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला पाठवणार आहोत. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला तुमच्या हातून मिळावे, अशी आमची इच्छा आहे.